दोन विमानतळांमधलं अंतर आणि उड्डाणाचा वेळ: आकडे जुळत नाहीत

शेवटचं_गेट

स्प्रेडशीटमध्ये दोन विमानतळ निवडले की त्यांच्यातलं अंतर आणि विमानाला लागणारा वेळ दिसावा, एवढंच करायचं आहे. पडताळणीसाठी न्यूयॉर्कचा जेएफके आणि लंडनचा हीथ्रो ही जोडी घेतली.

अंतर एका ठिकाणी ५,५४० किमी, दुसरीकडे ५,५५५, तिसरीकडे ३,४५१ आणि चौथीकडे २,९९९ दिसतं. शेवटचे दोन मैल असावेत, पण मग दोन वेगळे कसे? माझ्या शीटमध्ये हॅवरसाइन सूत्राने (गोलावरच्या दोन बिंदूंमधलं अंतर काढायचं सूत्र) ५,६०० किमी येतात. त्याआधी साधं पायथागोरस लावून बघितलं होतं (रेखांशातल्या फरकाला सरासरी अक्षांशाच्या कोसाइनने गुणून), तेव्हा ५,८५४ आले होते.

वेळेचं तर विचारूच नका. ताशी ९०० किमीने भागलं की ६ तास ९ मिनिटं येतात. वेळापत्रकात जाताना सुमारे ७ तास आणि येताना सुमारे ८ तास. मग खरा आकडा कोणता?

शीटमधले आकडे: जेएफके ४०.६३९८, ७३.७७८९. हीथ्रो ५१.४७०६, −०.४६१९. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किमी.

रेखावृत्त

तुमचं सूत्र बरोबर आहे, चूक चिन्हात आहे. न्यूयॉर्क पश्चिम रेखांशावर आहे, म्हणून −७३.७७८९ हवं. उणे चिन्ह गाळल्यामुळे शीटने न्यूयॉर्क उचलून किर्गिझस्तानात नेऊन ठेवलं आणि लंडन ते किर्गिझस्तान हे अंतर काढून दिलं. हीथ्रो शून्य रेखावृत्ताला जवळजवळ चिकटून आहे, त्यामुळे पूर्वेला ७३ अंश गेलात काय किंवा पश्चिमेला ७३ अंश गेलात काय, अंतर जवळपास सारखंच. म्हणून उत्तर ५,६०० आलं आणि खपूनही गेलं. दुसरा विमानतळ टोकियो असता तर आकडा इतका भलता आला असता की चूक लगेच दिसली असती. गंमत म्हणजे हीथ्रोचं उणेही गाळलं असतंत तर उत्तर बरोबर आलं असतं, कारण सूत्राला फक्त दोन रेखांशांमधला फरक लागतो. म्हणून पडताळणीसाठी लंडनची जोडी कधीच घेऊ नका.

चिन्ह सुधारल्यावर पायऱ्या अशा येतील, ताळा करून बघा:

अक्षांशांतला फरक १०.८३०८ अंश. त्याच्या निम्म्याचा साइन घेऊन वर्ग केला की ०.००८९०७.
रेखांशांतला फरक ७३.३१७० अंश. निम्म्याच्या साइनचा वर्ग ०.३५६४६.
दोन्ही अक्षांशांचे कोसाइन ०.७५८८२ आणि ०.६२२९२. हे दोन्ही वरच्या ०.३५६४६ ला गुणायचे: ०.१६८४९.
बेरीज ०.१७७४०. तिचं वर्गमूळ ०.४२११९. त्याचा व्यस्त साइन २४.९१ अंश, दुप्पट ४९.८२ अंश.
रेडियनमध्ये ०.८६९५. गुणिले ६,३७१ बरोबर ५,५४० किमी.

स्प्रेडशीटची साइन-कोसाइन फंक्शन्स रेडियन मागतात. अंश तसेच दिले तर उत्तर येतं, पण निरर्थक येतं आणि शीट कुठलीही तक्रार करत नाही.

आता ५,५४० विरुद्ध ५,५५५. पहिला आकडा पृथ्वी अगदी गोल चेंडू आहे असं धरून येतो. खरी पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी आहे: विषुववृत्तीय त्रिज्या ६,३७८.१ किमी, ध्रुवीय ६,३५६.८. डब्ल्यूजीएस ८४ हा लंबगोल धरून व्हिन्सेंटीच्या पद्धतीने मोजलं की ५,५५५ च्या आसपास येतं. फरक पाव टक्क्याचा. गोल पृथ्वी धरून होणारी चूक सहसा अर्ध्या टक्क्याच्या आत राहते. वेळेच्या अंदाजासाठी ती नगण्य आहे, वाऱ्यामुळे पडणारा फरक तिच्या कित्येक पट असतो. पण कुठे ठरावीक किलोमीटरची सीमा असेल आणि तुमची जोडी नेमकी त्या सीमेवर असेल, तर लंबगोलच वापरा.

३,४५१ हे जमिनीवरचे मैल (१.६०९ किमी) आणि २,९९९ हे नॉटिकल मैल (१.८५२ किमी). दोन्ही त्याच ५,५५५ किमीचे आहेत. नुसतं ‘मैल’ लिहिलेल्या स्तंभावर विश्वास ठेवू नका, दोन मैलांत १५ टक्क्यांचा फरक आहे. तोंडी ताळ्यासाठी एक सोय: बृहद्वृत्ताचा (गोलावरचा सगळ्यांत मोठा वर्तुळ, दोन बिंदूंमधला जवळचा रस्ता त्यावरूनच जातो) एक अंश म्हणजे ६० नॉटिकल मैल. ४९.८२ गुणिले ६० केलं की २,९८९. चेंडूच्या हिशेबाने २,९९१ यायला हवेत, म्हणजे जुळलं.

पायथागोरसचे ५,८५४ चिन्ह सुधारल्यावर ५,७८४ होतात. त्यातही २४४ किमी जास्त राहतात ते सपाट नकाशामुळे. सपाट नकाशावर सरळ दिसणारी रेघ गोलावर वळसा असते. सगळ्यांत जवळचा रस्ता बृहद्वृत्ताचा, जो नकाशावर न्यूफाउंडलंडच्या अंगाने उत्तरेला फुगलेला दिसतो. दोनतीनशे किलोमीटरपर्यंत पायथागोरस चालतो, पूर्व-पश्चिम लांब अंतराला अजिबात नाही.

अजून एक हमखास होणारी चूक. विमानतळांच्या अधिकृत पत्रकांत अक्षांश-रेखांश अंश, मिनिट, सेकंदांत असतात. जेएफकेचा अक्षांश ४० अंश ३८ मिनिटं २३ सेकंद आहे. तो लोक ४०.३८२३ असा टाइप करतात. खरा दशांश सुमारे ४०.६३९८. ही एकच चूक विमानतळ सुमारे २९ किमी दक्षिणेला, थेट समुद्रात सरकवते.

विमान ११-१२ किमी उंचीवरून जातं म्हणून रस्ता लांबतो का, हे पुढे कोणीतरी विचारणारच: १२ भागिले ६,३७१ म्हणजे ०.१९ टक्के. या जोडीवर सुमारे १० किमी. सोडून द्या.

चॉक_काढा

अंतराचं झालं. वेळेचा खरा आकडा कोणता याला उत्तर नाही, कारण ‘वेळ’ या एका शब्दाखाली तीन वेगवेगळे आकडे फिरतात. हवेतला वेळ: चाकं धावपट्टीवरून सुटल्यापासून टेकेपर्यंत. ब्लॉक टाइम: चाकांखालचे चॉक (अडसर) काढून विमान गेटवरून हललं तिथपासून दुसऱ्या गेटवर थांबेपर्यंत. आणि वेळापत्रकातला वेळ, म्हणजे कंपनीने मागच्या उड्डाणांचे ब्लॉक टाइम बघून वर थोडी सूट ठेवून छापलेला. शीटमध्ये तीन स्तंभ करा, अर्धं भांडण तिथेच मिटेल.

तुमचे ताशी ९०० किमी तसे चुकीचे नाहीत. लांब पल्ल्याची मोठी विमानं साधारण माक ०.८५ ने जातात. ३६,००० फुटांच्या वर प्रमाण वातावरणात तापमान उणे ५६.५ अंश, तिथे ध्वनीचा वेग ताशी १,०६२ किमी. त्याच्या ०.८५ पट म्हणजे ९०३ किमी, सुमारे ४८८ नॉट (ताशी नॉटिकल मैल). मध्यम पल्ल्याची एका मार्गिकेची (आसनांमध्ये एकच वाट असलेली) विमानं माक ०.७८ च्या आसपास, म्हणजे ताशी सुमारे ८३० किमी. पण हा वेग हवेच्या तुलनेत आहे, जमिनीच्या नव्हे. हवा स्वतःच वाहत असेल तर तिचा वेग मिळवावा किंवा वजा करावा लागतो. मध्य अक्षांशांवर या उंचीला जेट स्ट्रीम हा जोराचा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो आणि हिवाळ्यात जास्त जोरात असतो.

याच जोडीचा हिशेब, अख्ख्या वाटेवर सरासरी ६० नॉट वारा धरून. आधी अंतर थोडं वाढवा, कारण विमान गेटपासून गेटपर्यंत बृहद्वृत्तावरून जात नाही: निघताना ठरलेला निर्गमन मार्ग, उतरताना ठरलेला आगमन मार्ग, शिवाय वारा ज्या दिशेने वाहत असेल त्याप्रमाणे धावपट्टी. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या कार्बन गणकात यासाठी ठोक भर घालतात: ५५० किमीपर्यंत ५०, ५५० ते ५,५०० ला १००, त्यापुढे १२५ किमी. तीच घ्या. ५,५४० अधिक १२५ म्हणजे ५,६६५ किमी, ३,०५९ नॉटिकल मैल.

पूर्वेकडे: ४८८ + ६० = ५४८ नॉट, ५ तास ३५ मिनिटं. चढताना आणि उतरताना विमान क्रूझच्या (वर पोचल्यावरच्या स्थिर उड्डाणाच्या) वेगाने जात नाही, त्याचे १५ मिनिटं जादा. हवेतला वेळ ५ तास ५० मिनिटं. निघताना टॅक्सी (गेट आणि धावपट्टी यांच्यात जमिनीवरून जाणं) २५ आणि उतरल्यावर १० मिनिटं धरली तर ब्लॉक ६ तास २५ मिनिटं.

पश्चिमेकडे: ४८८ − ६० = ४२८ नॉट, ७ तास ९ मिनिटं. तेच १५ आणि तेच ३५ मिळवून ब्लॉक साधारण ८ तास.

पश्चिमेचा आकडा वेळापत्रकाशी जुळला, पूर्वेचा अर्धा तास कमी आला. तो अर्धा तास ही सूट. हीथ्रोकडे येणारी विमानं गर्दीच्या वेळी बोव्हिंग्डन, लॅम्बोर्न, ऑकम, बिगिन या चार ठिकाणी घिरट्या घालत रांगेत थांबतात, त्याची तरतूद त्यात असते. म्हणूनच वीस मिनिटं उशिरा निघालेलं विमान वेळेआधी पोचतं. वैमानिकाने जोर लावला म्हणून नव्हे. लावायला फारसा जोर शिल्लकच नसतो: माक ०.८५ वरून ०.८६ केलं तर या वाटेवर चारपाच मिनिटं वाचतात आणि इंधन मात्र वाढतं.

जाता-येता सरासरी घेतली की वाऱ्याचा परिणाम खोडला जातो, हा गैरसमज आहे. वारा नसता तर एका बाजूला ६ तास १६ मिनिटं. वाऱ्यासह ५:३५ आणि ७:०९ ची सरासरी ६:२२. उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ घालवतं, म्हणून फेरीत नेहमी तोटाच. आडवा वाराही फुकट नसतो: १०० नॉटचा वारा अगदी काटकोनात आला तरी नाक वाऱ्याकडे वळवून उडावं लागतं आणि ४८८ चे ४७८ उरतात.

वारा किती बिघडवू शकतो याचं टोकाचं उदाहरण फेब्रुवारी २०२० मधलं. सियारा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं ७४७ जेएफकेहून हीथ्रोला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. जमिनीच्या तुलनेत वेग ताशी १,३०० किमीच्या वर गेला होता, तेव्हा ‘ध्वनीपेक्षा वेगवान’ अशा बातम्या आल्या. भोवतालच्या हवेच्या तुलनेत ते नेहमीइतकंच धावत होतं.

आणि म्हणूनच विमानं बऱ्याचदा मुद्दाम बृहद्वृत्त सोडतात. अंतर वाढतं, वेळ कमी होतो. उत्तर अटलांटिकवर यासाठी रोजच्या वाऱ्याप्रमाणे समांतर वाटा आखून जाहीर करतात, पूर्वेच्या वेगळ्या आणि पश्चिमेच्या वेगळ्या. काल विमान ज्या वाटेने गेलं तिथूनच आज जाईल असं नाही.

पतंग_कापला

पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मग पश्चिमेला जाताना मुक्काम आपणहून जवळ यायला हवा ना? इथे तर उलटंच दिसतंय.

चॉक_काढा

पृथ्वीबरोबर हवाही फिरते, विमानही निघताना त्याच वेगाने फिरत असतं. त्यामुळे थेट फायदा नाही आणि तोटाही नाही. फिरण्याचा परिणाम आडवाटेने होतो: उष्ण विषुववृत्त आणि थंड ध्रुव यांच्यातल्या तापमानाच्या फरकाने हवा हलते, फिरणारी पृथ्वी तिला वळवते आणि त्यातून पश्चिमेचा जेट स्ट्रीम तयार होतो. हिशेबात तो वारा म्हणून आधीच धरला आहे, दुसऱ्यांदा धरू नका.

शेवटचं_गेट

चिन्ह सुधारलं, ५,५४० आले. आभार!

आता तीच पद्धत हीथ्रो ते पॅरिसच्या शार्ल द गोलला लावली. अंतर सुमारे ३४८ किमी. ८३० ने भागून २५ मिनिटं. वेळापत्रकात सव्वा तासाच्या पुढे! वाऱ्याने एवढा फरक पडेल का?

चॉक_काढा

वाऱ्याचा इथे संबंध नाही. एवढ्या अंतरात क्रूझ नावापुरतंच असतं. उतरण्याचा ढोबळ नियम असा: दर हजार फुटांना तीन नॉटिकल मैल. ३६,००० फुटांवरून उतरायला १०८ नॉटिकल मैल लागतात, म्हणजे २०० किमी. चढायलाही जवळपास तेवढंच. ३४८ किमीत दोन्ही मावतच नाही, म्हणून विमान कमी उंचीवरच राहतं. त्यात १०,००० फुटांखाली बहुतेक ठिकाणी २५० नॉटची मर्यादा. वर दोन गजबजलेल्या विमानतळांवरचं टॅक्सी करणं. सव्वा तासात हवेतला वेळ पाऊण तासाच्या आसपासच असतो.

म्हणून सरासरी वेगाने भागू नका, सरळ रेषेचं समीकरण वापरा: ब्लॉक = ४५ मिनिटं + अंतर भागिले ताशी ८५० किमी. पॅरिसला ७० मिनिटं येतात, चालण्यासारखं. न्यूयॉर्कला ७ तास १६ मिनिटं, म्हणजे सात आणि आठच्या मधे. दक्षिणोत्तर मार्गांवर हे बऱ्यापैकी बसतं. पूर्व-पश्चिम लांब मार्गांवर दोन्ही बाजूंना अर्धा ते एक तास इकडेतिकडे धरा. हे पटत नसेल तर त्या मार्गाच्या मागच्या वीसेक उड्डाणांचा हवेतला वेळ उतरवून घ्या आणि मध्यक काढा. सरासरी नको, एखादं विमान तासभर घिरट्या घालत बसलं तर सरासरी फुगते. उन्हाळा आणि हिवाळा एकत्र करू नका.

अमेरिकेतल्या देशांतर्गत मार्गांसाठी तिथल्या वाहतूक सांख्यिकी विभागाची सार्वजनिक फाइल आहे. तिच्यात हवेतला वेळ, निघतानाची टॅक्सी, उतरल्यावरची टॅक्सी, सगळे स्तंभ वेगवेगळे मिळतात. वरच्या ४५ मिनिटांचा आकडा त्यावरून घासूनपुसून घ्या.

यूटीसी

वेळापत्रकातून वेळ काढणार असाल तर आधी स्थानिक वेळांची भानगड निस्तरा. निघण्याची वेळ निघण्याच्या गावची असते, पोचण्याची वेळ पोचण्याच्या गावची. न्यूयॉर्क १९:००, लंडन दुसऱ्या दिवशी ०७:००: बारा तास, वजा पाच, सात तास.

हे पाच कायमचे पाच नाहीत. अमेरिकेत उन्हाळी वेळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी लागू होते, ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे फरक चारच तासांचा. शरद ऋतूत ब्रिटन ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ मागे घेतं, अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, म्हणजे पुन्हा एक आठवडा चार. २०२५ साली ९ ते ३० मार्च आणि २६ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर असे हे दिवस आले. या काळात शीटमध्ये ‘५’ ठोकलेला असेल तर पूर्वेचा प्रवास एक तासाने आखूड आणि पश्चिमेचा एक तासाने लांब दिसतो. बरोबर तासाभराचा फरक दिसला की वाऱ्याला दोष देण्याआधी तारीख बघा.

रेखांश भागिले १५ करून टाइम झोन काढण्याचा मोह टाळा. नेपाळ यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) ५ तास ४५ मिनिटं पुढे आहे, आणि अख्ख्या चीनमध्ये एकच वेळ चालते. प्रत्येक विमानतळासमोर ‘युरोप/लंडन’ अशा धर्तीचं क्षेत्राचं नाव ठेवा, तासांचा आकडा ठेवू नका. दोन्ही वेळा त्या तारखेनुसार यूटीसीत आणा आणि मग वजाबाकी करा.

उणे उत्तर आलं म्हणून लगेच २४ मिळवू नका. टोकियोहून १७:०० ला निघालेलं विमान हिवाळ्यात लॉस एंजेलिसला त्याच तारखेला सकाळी १०:०० ला उतरतं. घड्याळाने उणे सात तास, फरक सतरा, वेळ दहा तास. इथे आधी २४ मिळवले तर चौतीस तास येतात. वाररेषेची कमाल बघायची तर सामोआचं आपिया आणि अमेरिकन सामोआचं पागो पागो: घड्याळं सारखी, तारखेत पूर्ण एक दिवसाचा फरक. आपियाहून निघालेला प्रवासी तासाभराच्या आत कालच्या तारखेत उतरतो.

रेखावृत्त

दोन गोष्टी राहिल्या.

एक, हवाई हद्द. फेब्रुवारी-मार्च २०२२ पासून रशियाची हद्द युरोपीय संघ, ब्रिटन, अमेरिका, कॅनडा आणि आणखी काही देशांच्या कंपन्यांना बंद आहे. हेलसिंकी-टोकियो बृहद्वृत्ताने सुमारे ७,८०० किमी. पूर्वी साडेनऊ तासांच्या आसपास लागायचे, आता ध्रुवावरून किंवा दक्षिणेकडून वळसा घेऊन तेरा तासांच्या घरात. तिथे वरचं ४५ मिनिटांचं समीकरण साफ आपटतं. अशा जोड्यांसाठी वाटेत एकदोन बिंदू घालून तुकड्यातुकड्याने अंतर मोजा. दोन इंजिनांच्या विमानाला ठरावीक मिनिटांत पर्यायी विमानतळ गाठता यायला हवा, या नियमामुळेही दक्षिण गोलार्धातल्या काही वाटा बृहद्वृत्तापासून सरकतात.

दुसरं, अंतर कशासाठी हवंय ते स्तंभाच्या डोक्यावर लिहा. युरोपीय संघाच्या २६१/२००४ नियमाखाली उड्डाण रद्द किंवा उशिरा झाल्यास मिळणाऱ्या भरपाईत १,५०० आणि ३,५०० किमीच्या सीमा आहेत आणि तिथे बृहद्वृत्ताचं अंतर चालतं, विमान प्रत्यक्षात किती उडलं ते नाही. मधे विमान बदललं तरी पहिला आणि शेवटचा विमानतळ यांच्यातलंच थेट अंतर धरायचं, हे युरोपीय न्यायालयाने २०१७ साली स्पष्ट केलं. त्यांच्याच उत्सर्जन व्यापाराच्या (कार्बन सोडण्याच्या परवान्यांच्या खरेदी-विक्रीच्या) हिशेबात मात्र बृहद्वृत्तावर ९५ किमी मिळवतात. एकच जोडी, पण दोन ठिकाणी दोन अंतरं.

पतंग_कापला

शहराचं नाव टाइप करून शोधणार असाल तर तेही सांभाळा. ‘लंडन’ म्हटलं की काही गणकं शहराचा मध्य धरतात, काही हीथ्रो, आणि कॅनडातल्या ओंटारियोतही एक लंडन विमानतळासकट आहे. सॅन होजे कॅलिफोर्नियात आहे आणि कोस्टा रिकातही. सिडनी कॅनडाच्या नोव्हा स्कोशियातही आहे. तीन अक्षरी कोडच मागा: सिडनी ऑस्ट्रेलियाचं एसवायडी, कॅनडाचं वायक्यूवाय.